रामनगरची बंद गिरणी
१९६५, मार्चमधला एक सोमवार, रामनगरबाहेरचा माळ. हजर: आमचे साहेब, जीपचा ड्रायव्हर आणि याद्या ठेवणारा मी. ताऱ्यांकडून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण इथे उभारता येईल का, ते आम्ही पाहत होतो. आसपास विजेची ठिणगी चालणार नव्हती, आणि अशा लहरी मोजणाऱ्या आमच्या यंत्राचं पेन तर दर मिनिटाला कागदावर उडी मारत होतं. संध्याकाळपर्यंत ते थांबलं नाही तर जागा बाद होणार होती. ठिणगी कुठून येत असेल, त्या संशयितांच्या माझ्या यादीत शेवटी उरली पिठाची गिरणी. गिरणीवाल्याने निमूट इंजिन बंद केलं. गरम पिठाच्या वासात दळणाचे डबे घेऊन बायका खोळंबल्या. "सायब, तुमच्या चांदण्या पीठ देत्यात व्हय?" एकीने विचारलंच. पेन उडतच राहिलं. साहेबांनी जागा बाद केल्याची तार वरच्या कचेरीला केली. "माझ्या गिरणीमुळं गावात येनारं काम गेलं, म्हनत्याल समदी. तसं न्हाई न्हवं?" गिरणीवाला पुन्हा पुन्हा विचारत होता. "तपासून कळवतो," मी म्हणालो. परतीच्या गाडीसाठी कॅसलरॉक स्टेशनात जीपमधून सामान उतरवताना दिसलं, दर मिनिटाची खूण करणाऱ्या आमच्याच घड्याळाची तार सैल होती; ठिणगी तिथेच पडत होती. यादीत गावातलं सगळं होतं, आमचं काहीच नव्हतं. तेवढ्यात गाडी आली आणि आम्ही चढलो. अजूनही ताज्या दळणाचा वास आला की मी याद्यांची ती वही काढतो. 'गिरणीवाल्याला कळवणे' या ओळीवर काट मारलेली नाही.