पितळी चिमणीचा हेवा

"थोरलीला दाखवूसुद्धा नका ते! तिच्या नजरेलाही पडता कामा नये."

सासूबाईंचं हे बोलणं थोरल्या सुनेने दाराबाहेरून ऐकलं. म्हाताऱ्यांसाठी आणलेला गरम डबा हातात होता. आतून सासरे करवादले, "अगं, पण शिवणकाम ती करते. धाकटीला साधं बटण लावता येत नाही!"

"म्हणूनच धाकटीला दिलं. आता गप्प बसा बघू."

झालं! डबा उंबऱ्यावर ठेवून थोरली आल्या पावली परतली. त्या दिवशी तिच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्या डॉक्टरकडे औषध नव्हतं.

थोरलीला गल्लीत सगळे पडदेवाली म्हणत. लग्न होऊन आली तेव्हापासून ती सासूबाईंबरोबर दुकानाचे पडदे शिवायची. उभ्या शिवणी मशीनवर, पण खालची किनार हाताने. टाका दिसला की दुकानदार नाक मुरडायचा. त्यासाठी कापड ताणून धरावं लागतं. थोरलीने टोक धरायचं आणि सासूबाईंनी टाके घालत घालत तिच्याकडे सरकत यायचं. येता येता अख्ख्या गल्लीची उणीदुणी निघायची. मग मुलं झाली, जागा पुरेना, आणि थोरली पलीकडच्या गल्लीत राहायला गेली. पुढे सासूबाईंचे डोळे अधू झाले, शिवण सुटलं. धाकटी घरात आली ती त्यानंतर. आणि आल्या आल्या तिला "ते" मिळालं.

ते म्हणजे काय, तर मुठीत मावेल एवढी जुनी पितळेची चिमणी. पायाखाली स्क्रू, आणि शेपटी दाबली की चोच उघडणार. कशासाठी, ते न सांगताच सासूबाई गेल्या. धाकट्या दिराने तिच्या चोचीत बदाम फोडून पाहिला, तो उडून त्याच्याच चष्म्यावर बसला. थोरलीला हे सगळं नवऱ्याकडून कळायचं. "वरून पितळ असेल हो, आत काय दडवलंय कुणाला ठाऊक," ती म्हणायची. पण बघायला मात्र गेली नाही. "माझ्या नजरेला पडायचं नाही ना? मग नाहीच बघत जा!"

शेवटी धाकटीचा पाय मुरगळला आणि डबा घेऊन जाणं भाग पडलं. नुसतं बसून जावेचं तोंड काय बघायचं, म्हणून थोरलीने अर्धा पडदा पिशवीत घातला.

चिमणी टेबलाच्या कडेला स्क्रूने घट्ट बसवलेली होती. चोचीत विजेचं बिल.

"हाच तो ऐवज?" थोरलीने शेपटी दाबली. बिल खाली पडलं. चोचीच्या आत जुन्या दोऱ्याचे धागे अडकलेले दिसले. मग पडद्याचं टोक चोचीत देऊन तिने कापड ओढलं. कसं ताणून राहिलं! सुई सरसर पळाली, आणि मध्येच थांबली.

"काय झालं ताई?"

"अगं, ही टोक धरायला आहे. मी घर सोडल्यावर सासूबाईंनी आणली असणार. माझ्या जागी ही! मला कळू नये, मला लागू नये, म्हणून लपवली."

"मग बरंच झालं की. इतकी वर्षं उगाच माझ्यावर जळत होतात."

"आता हिच्यावर जळते! मी टोक धरायचे तेव्हा म्हातारी तासन् तास बोलायची माझ्याशी. हिच्याशी काय बोलली असेल, सांग?"

धाकटीला हसू आवरेना. "घेऊन जा ना घरी."

इतकी वर्षं जिच्यासाठी जीव जळला, ती हातात आली होती. थोरलीने तिच्या चोचीतून कापड सोडवलं, बिल परत खोचलं.

"नको. ही बिलं सांभाळू दे. टोक तू धर. पाय मुरगळलाय तुझा, हात नाही."

मग प्रत्येक पडद्याची किनार धाकटीच्याच घरी.

"सैल सोडू नकोस गं. ती पितळेची बरी तुझ्यापेक्षा!"

"मग तिलाच बोलवा की!"

"गप्प बस. ताण नीट. आणि काय म्हणत होतीस, वरच्या मजल्यावरची पुन्हा माहेरी गेली?"

अशी कित्येक वर्षं गेली. ज्या रात्री ती झोपेतच गेली, त्या संध्याकाळीही पडदेवाली दुकानात गेली होती. दुकानदाराने किनारीवरून बोट फिरवलं.

"टाका कुठाय, पडदेवाली?"

"सापडला तर परत पाठव."

तिने पुढच्या पडद्याचं कापड पिशवीत भरलं, दोऱ्याचा रंग उजेडात धरून दोनदा बदलून घेतला, आणि धाकटीच्या घराकडे वळली.