फोटोत चष्मा नको

माझ्या सासूबाईंचा, सुशीलाबाईंचा, शौक एकच: दुसऱ्यांच्या लेकरांची लग्नं जुळवणं. त्यात त्यांना ना साडी मिळते ना दलाली. मिळतो तो मान, आणि लग्नात पहिल्या पंगतीला बसून वाढणाऱ्या पोरांवर ओरडण्याचा हक्क. मला विचाराल तर हा शौक नाही, रोग आहे. इकडे भात करपत असतो आणि बाई फोनवर सौंदडच्या कुणाच्या तरी मावसबहिणीची सासू कोण, ते खणून काढत असतात. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मी ओरडते, "मामी, भात." उत्तर येतं, "तुले भाताची पडली, इथं पोराचं वय निघून चाललं."

पण एक गोष्ट कबूल करते. त्यांनी जुळवलेली घरं टिकतात. म्हणून आमच्या गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यातली माणसं अजूनही आपल्या पोरापोरींचे फोटो त्यांच्याकडे पाठवतात. आधी हे फोटो कापडी पिशवीत असायचे, आता फोनमध्ये असतात. त्या फोनला आमच्यापैकी कुणी हात लावायचा नाही. "लोकायच्या लेकी हायेत त्यात," म्हणतात. माझ्या नवऱ्यालासुद्धा, म्हणजे पोटच्या ओमेशलाही, त्या फोन देत नाहीत.

फोन ओमेशनंच आणून दिला होता. चिखलात धानाच्या रोवण्या करून करून मामींच्या बोटांचे ठसे पुसले आहेत, त्यामुळे बोट लावून तो उघडेना. मग ओमेश म्हणाला, चेहरा टाकू, चेहरा पाहून उघडेल. "आई, बस इथं समोर," तो म्हणाला. मामी उठल्या, आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं आल्या. पावडर, कुंकू, डोक्यावर पदर. बसल्या, हनुवटी वर केली, आणि चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"चष्मा राहू दे न, आई."

"फोटोत चष्मा नोको."

"फोटो नाही हा."

"थोबाड दिसते न त्याच्यात? मंग फोटोच होय."

आता त्यांच्याशी कोण वाद घालणार. ओमेशनं हात टेकले. फोननं मामींचा बिनचष्म्याचा, पावडर लावलेला चेहरा साठवून घेतला. घरात चष्मा लावून पाहिलं तर तो कधी उघडायचा, कधी नाही. मामी म्हणायच्या, त्याची मर्जी.

"फोटोत चष्मा नको" हा मामींचा जुना कायदा. मुलीचा फोटो आला आणि त्यात चष्मा दिसला की परत पाठवायच्या, चष्मा उतरवून काढा म्हणून. या कायद्याचा सगळ्यात जास्त मार बसला तो त्यांच्याच भाचीला, दुर्गेश्वरीला.

दुर्गेश्वरी म्हणजे मुर्रीच्या मामांची, मामींच्या भावाची, मुलगी. गोंदियाच्या बाजारात चष्म्याच्या दुकानात काम करते. लोकांचे डोळे तपासून होतात आणि चष्मा घडतो तो हिच्या हातून. स्वतःला पाचवीपासून जाड चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामींना चष्मा लागला तोही हिनंच करून दिला, उन्हात गेलं की काळा होणारा. मामींनी तो पहिल्यांदा घातला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या, मग घरात आल्या, मग पुन्हा अंगणात. दिवसभर हेच. शेजारच्या बायांना बोलावून दाखवलं.

एवढी गुणाची पोरगी, पण दोन ठिकाणहून पाहुणे येऊन गेले आणि दोन्ही वेळा निरोप तोच: मुलगी चांगली आहे, पण चष्मा फार मोठा. दुसऱ्या निरोपानंतर तिनं चहाचा ट्रे हातात घ्यायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर मामींनी काय करावं? तिचा एक फोटो काढून घेतला, पिवळ्या ओढणीतला, चष्मा नसलेला. तो सौंदडच्या शामकलाबाईंना दाखवला, त्यांच्या मुलासाठी. हिमांशू त्याचं नाव. घरची धानाची शेती, शिवाय गावात बी-खताचं दुकान. शामकलाबाईंना फोटो पसंत पडला.

"चष्म्याचं सांगितलं काय?" मी विचारलं.

"पहिले पसंत पडू दे. मंग सांगू."

"मामी, हे बरोबर नाही."

"तू चूप राय."

मी चूप राहिले, पण दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडत होतं.

ठरलं असं की पाहुण्यांनी आमच्या मंडईला यावं. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. लेकी-जावई येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, ऊस येतो, जिलबी तळली जाते, दंडारीच्या नाचाचा ढोलक वाजतो. आणि त्या गर्दीत सोयरिकी पाहिल्या जातात. कुणी बसत नाही, ट्रे येत नाही. मुलगी शिंगाडे घेत असते, मुलाकडचे दुरून पाहून घेतात. पसंत नाही पडली तर ऊस घेऊन घरी जातात, कुणाची मान खाली जात नाही. म्हणूनच दुर्गेश्वरी तयार झाली. पण फोनवर तिनं आत्याला साफ सांगितलं, "आत्या, ही शेवटची. याच्यानंतर माहं नाव कुठं काढायचं नाही."

मंडईच्या दिवशी मी पहाटेपासून नुसती धावत होते. ओमेश थ्रेशरवर अडकलेला, त्याला फोन लागेना. दुर्गेश्वरी गोंदियाहून एसटीनं आली, हिरवा कुर्ता, नाकावर तोच चष्मा. मामींनी तिला बाजूला घेतलं. "पाहुने आले का धा मिनिटं काढून ठेव. पर्समंदी ठेव." तिनं पर्सची चेन लावून टाकली. मला त्या क्षणी मामींचा राग आला, आणि तिचाही आला, की ही बोलत का नाही.

मग ऊन चांगलंच तापलं आणि शामकलाबाई आल्या, सोबत हिमांशू. दिसायला झकास पोरगा. पण मला काही तो रुचला नाही. डोळे बारीक करून सगळीकडे पाहत होता, जणू आमची मंडई त्याच्या पसंतीला उतरत नाही. खेळण्यावाल्याच्या टोपलीत पाय घातला. मामींना नमस्कार करायचा तो मामींच्या शेजारी उभ्या असलेल्या जिलबीवालीला करून बसला. मी मनात म्हटलं, एवढ्या मोठ्या दुकानाचा मालक आणि लक्षणं अशी.

मी आणि दुर्गेश्वरी चार पावलांवर शिंगाड्यांच्या ढिगाशी होतो. तिचा चष्मा तिच्या नाकावरच होता.

शामकलाबाई मामींना म्हणाल्या, "बाई, फोटो एकदा दाखवा न. एवढ्या गर्दीत वळखू कसी?"

मामींनी ऐटीत फोन काढला आणि चेहऱ्यासमोर धरला. उन्हात चष्मा कोळशासारखा काळा झालेला. फोन उघडला नाही. पुन्हा धरला. फोन थरथरला आणि बंदच राहिला. मामींनी त्याला दरडावलं, "अरे, मीच होय." जिलबीवाली हसली. मग त्यांना काहीतरी आठवलं असावं. त्यांनी चष्मा काढला, आणि फोन झटकन उघडला. आता फोन उघडा, पण मामींना दिसेना. अंदाजानं बोट फिरवत एक फोटो काढला आणि अभिमानानं शामकलाबाईंपुढे धरला.

"ही तर दुसरीच हाये," शामकलाबाई म्हणाल्या.

ती कुणा दुसऱ्यांची नीतू होती. तिचं बोलणं भलत्याच घरी चालू होतं. मामींना ते कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरला की माझाच जीव कळवळला. लोकांच्या लेकींचे फोटो जिवापाड जपणारी बाई, आणि तिच्याच हातून हे. घाईनं चष्मा लावून बरोबर फोटो शोधायला गेल्या तर तोवर फोन पुन्हा मिटला होता. चष्मा लावला की फोन ओळखत नाही. काढला की फोन ओळखतो, पण यांना काही ओळखू येत नाही. लावला, काढला, लावला, काढला. भर मंडईत माझ्या सासूबाई स्वतःच्याच फोनपुढे गयावया करत होत्या.

शामकलाबाईंनी मग नाद सोडला आणि स्वतःच गर्दीत नजर फिरवली. ती आमच्यावरून गेली. दुर्गेश्वरीवर थांबली, पुढे सरकली, परत आली.

"ही तर नाही न?" त्या म्हणाल्या. "पिवळ्या ओढणीवालीसारखी नाकाडोळ्यानं वाटते. पन ही तर चष्मेवाली हाये."

मामींनी तोंड उघडलं. आणि मिटलं. तोंडातून हो निघेना.

दुर्गेश्वरीनं ते ऐकलं. शिंगाड्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं आत्यापुढे हात केला. "दे इकडे."

आणि मामींनी फोन दिला. आजवर कुणाला न दिलेला फोन.

"याच्यावर काऊन रागावून राहिली, आत्या?" ती शांतपणे म्हणाली. "तू याले चष्म्यातलं थोबाड कधी दाखवलंच नाही. मंग यानं तुले कायले वळखावं?"

बोलली ती फोनबद्दलच. पण मामींना काय ते कळलं. त्यांनी चष्मा लावलेल्या भाचीकडे पाहिलं, हातातल्या स्वतःच्या चष्म्याकडे पाहिलं. मग तो नाकावर चढवला, दुर्गेश्वरीचा दंड धरला आणि तिला शामकलाबाईंच्या अगदी समोर उभं केलं.

"हीच होय माही भाची. पाचवीपासून चष्मा हाये. फोटोत मीच काढाले लावला, तिची काही चूक नाही. पाहाची असंल त अशीच पाहा, नाहीतर ऊस घेऊन जा."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हातात शिंगाडे होते म्हणून राहिलं.

शामकलाबाईंनी खांद्यावरचा पदर ओढून घेतला. आता या पाठ फिरवणार, असं मला वाटलं. पण त्यांनी रागानं नाही, कानकोंड्या होऊन आपल्या पोराकडे पाहिलं. हिमांशूचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला होता.

"हिमांशू," त्या हळूच म्हणाल्या. राहू दे, असा त्याचा अर्थ.

मामींची नजर अशा वेळी घारीची होते, चष्मा असो नसो. "का हाये खिशात?"

त्यानं बिचाऱ्यानं काढलं. चष्मा. दुर्गेश्वरीपेक्षा जाड काचांचा.

"आई म्हनाली, पोरगी पाहाले जाताना नोको लावू," तो म्हणाला.

आधी जिलबीवाली हसली. मग मी. मग शामकलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मामी हसत नव्हत्या. त्या शामकलाबाईंकडे पाहत होत्या, एका चोरानं दुसऱ्या चोराकडे पाहावं तशा. "लाव," त्यांनी पोराला हुकूम सोडला.

त्यानं चष्मा लावला. आधी त्याला जिलबीवाली दिसली, मग ज्यांना नमस्कार करायचा राहिला होता त्या मामी दिसल्या आणि तो लाजला. मग त्यानं दुर्गेश्वरीकडे पाहिलं. चांगलं पाहिलं, घाई न करता.

"हां," तो म्हणाला. "आता दिसल्या."

दुर्गेश्वरीही पाहत होती, पण तिचं लक्ष त्याच्या नाकावर होतं. "ढिला आहे हा," ती म्हणाली. "एका बाजूनं खाली येतो. सोमवारी दुकानात आणा, बसवून देते."

मी मामींना कोपर मारलं. मामींनी मला मारलं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण आम्ही सासू-सुनांनी एकमेकींना इतक्या जोरात कोपर कधी मारलं नव्हतं.

सोमवारी तो दुकानात गेला. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेला. मला दुर्गेश्वरीनंच सांगितलं की दुसऱ्या वेळी चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

मंडईच्याच संध्याकाळी ओमेश थ्रेशरवरून धुळीनं भरून आला, तर मामी त्याची वाट पाहत दारात. हातात फोन, नाकावर चष्मा, ना पावडर ना कुंकू. "घाल माहं थोबाड. असंच." ओमेशनं हात धुवायच्या आधीच घातलं. आता फोन घरात बिनतक्रार उघडतो. भर उन्हात काच काळी झाली की अजूनही अडतो, तेव्हा मामी झाडाखाली जाऊन दोन मिनिटं उभ्या राहतात. फोनला शिव्या देत नाहीत.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मुर्रीला झालं, मामांच्या अंगणात. गोंदियाहून फोटोवाला आला होता. दोघांना बसवून, हार नीट करून त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तो थबकला.

"दीदी, भैया, चश्मा जरा निकालिए न," तो म्हणाला. "काच पे चमक आ रही है."

दुर्गेश्वरीचा हात सवयीनं वर गेला. अर्ध्यावर होता, तेवढ्यात अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून, वऱ्हाडाला भजी वाढता वाढता, काळा चष्मा लावलेल्या मामींचा आवाज आला.

"चष्मा नही निकलेगा, बाबू. तू सरक."

तो सरकला.