तीन नंबरची जागा

सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमधल्या त्या गॅरेजमध्ये एक नियम होता. ज्याच्या घरातल्या माणसाचा विषय निघेल, त्याने उठून बाहेर जायचं आणि हाक मारेपर्यंत आत यायचं नाही. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट आहे. दर वर्षी कॅनडाविरुद्धच्या रग्बी सामन्याच्या दोन आठवडे आधी, रविवारी दुपारी, आठ-नऊ माणसं तिथे जमत आणि अमेरिकेचा संघ निवडत. त्यांना तसा अधिकार कोणी दिलेला नव्हता. पण गॅरेजचा मालक, फेरीबोटींवरून निवृत्त झालेला मेकॅनिक, निवड समितीतल्या एका सदस्याबरोबर तरुणपणी खेळलेला होता. तो सदस्य त्या दिवशी संध्याकाळी मेकॅनिकला फोन करी आणि विचारी, "तुमच्या मंडळींचं काय म्हणणं?" त्यामुळे गॅरेजमधल्या यादीला थोडं वजन होतं आणि ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी तिथे इतिवृत्त लिहायला जात असे. मुंबईत चार वर्षं एका दैनिकात उपसंपादक म्हणून काम केल्यावर मी सिअ‍ॅटलला एम.ए. करायला आलो होतो आणि बॉथेलमध्ये एका मराठी कुटुंबाच्या तळघरातल्या खोलीत भाड्याने राहत होतो. घरमालक काका विमानाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. अमेरिकेत येण्यापूर्वी ते दोन वर्षं वेल्समधल्या पोलाद कारखान्यात होते आणि रग्बीचं वेड त्यांना तिथे लागलं. गॅरेजमधले लोक त्यांना 'प्रोफेसर' म्हणत. मला रग्बीतलं फारसं कळत नव्हतं. पण जो जे बोलला ते जसंच्या तसं लिहायची सवय होती. तेवढ्यावर काकांनी मला तिथे नेलं.

काकांचा मुलगा बावीस वर्षांचा होता. जन्म इथलाच. युनिव्हर्सिटीजवळ अपार्टमेंटमध्ये राही आणि तीन नंबरला खेळे. तीन नंबर म्हणजे प्रॉप. स्क्रममध्ये दोन्हीकडची आठ-आठ माणसं डोकी एकमेकांत अडकवून रेटतात, त्यात हा पहिल्या रांगेत उजव्या टोकाला असतो. त्याने उजव्या हाताने समोरच्याची जर्सी घट्ट धरायची असते. ती पकड सुटली तर स्क्रम कोसळतो आणि मागच्यांचं सगळं वजन पुढच्यांच्या मानेवर येतं. काकांचा मुलगा बुटका, रुंद आणि जाड मानेचा होता. त्या वर्षी राष्ट्रीय संघासाठी त्याचं नाव पहिल्यांदाच गंभीरपणे घेतलं जात होतं.

बैठकीच्या तीन आठवडे आधी तो घरी जेवायला आला होता. काकूंनी पोळ्या आणि पिठलं केलं होतं. त्याने पिठलं पोळीवर पसरलं, पोळीची गुंडाळी केली आणि ती डाव्या हातात धरून खाऊ लागला.

"डाव्या हाताने जेवतोस?" काकू म्हणाल्या. "काय हे! कोणी पाहिलं तर म्हणेल, आईने काही शिकवलं नाही."

"आई, इट्स अमेरिका. माझी हाफ टीम लेफ्टी आहे."

"त्यांना राहू दे लेफ्टी. तू तर नव्हतास."

काका मुलाकडे पाहत होते. "खाऊ दे त्याला," एवढंच ते म्हणाले. जेवणानंतर ते त्याला गाडीचे ब्रेक बघायला बाहेर घेऊन गेले. मी भांडी पुसत होतो. ब्रेक बघायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा दोघं बऱ्याच उशिरा आत आले. मुलगा हसत होता. काका थेट हात धुवायला गेले.

बैठकीचा रविवार पावसाचा होता. गॅरेजचं दार अर्धं वर केलेलं, आत केरोसीनचा हीटर, खोक्यांवर बसलेली माणसं. दहा नंबरवरूनच, म्हणजे किक मारायची की पळायचं हे ठरवणाऱ्या खेळाडूवरूनच, पाऊण तास भांडण चाललं. एका खाटकाचं म्हणणं होतं की चांगली किक मारणारा घ्यावा. न्यूझीलंडहून आलेल्या एका शाळामास्तराला पळणारा हवा होता.

"तिकडे पाऊस असणार," खाटीक म्हणाला. "पावसात पास झेलतं कोण? बॉल उंच मारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं."

"गेल्या वर्षी तुझा देव कुठे होता? तुझ्या त्या माणसाची एक किक खांबांमधून गेली नाही. एक तर पार्किंगमध्ये गेली."

"वारा होता."

"वारा दोघांनाही होता. कॅनडावाल्यांच्या किका गेल्या."

"तू मुळात कोणाच्या बाजूचा आहेस रे? तुझ्या देशात मेंढ्यासुद्धा किक मारतात म्हणतात."

"मारतात. तुझ्या दहा नंबरापेक्षा बऱ्या मारतात."

हे सगळं मी लिहिलं. शेवटी हात वर करून मतदान झालं. किक मारणारा एका मताने आला आणि मास्तराने रागाने हीटर आपल्याकडे ओढून घेतला. मग मेकॅनिक म्हणाला, "आता तीन नंबर. चल प्रोफेसर, बाहेर."

आधीची दोन वर्षं मी पाहिलं होतं. मुलाचं नुसतं नाव यादीच्या तळाशी चर्चेला आलं तरी काका ताबडतोब उठत आणि ड्राइव्हवेत पाठ करून उभे राहत. त्या दिवशी ते हत्यारांच्या पेटीवरून उठले नाहीत.

"प्रोफेसर, नियम."

"नियम माहीत आहे. मला बोलायचंय."

"मुलाची तारीफ करणार असशील तर आत्ताच सांगतो, गरज नाही," खाटीक म्हणाला. "आमची मतं त्यालाच आहेत."

"त्याला घेऊ नका," काका म्हणाले.

मास्तर हसला. "काय झालं? पोराने गाडी ठोकली का तुझी?"

बाकीचेही हसले. काका हसायचं संपेपर्यंत थांबले. पुढे ते जे बोलले ते माझ्या वहीत आहे. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो. "गेल्या तीन मॅचमध्ये स्क्रम त्याच्या बाजूने कोसळला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तो मुद्दाम पाडतो. समोरच्याचा जोर त्याला सोसत नाही, म्हणून पकड सोडून खाली जातो. तो घाबरतो. माझा मुलगा भेकड आहे, आणि कॅनडासमोर तो हेच करेल."

खाटकाने तोंडातला घास गिळला तो मला ऐकू आला. प्रॉपला संथ म्हणा, जाड म्हणा, तो हसेल. घाबरून स्क्रम पाडतो असं म्हणणं म्हणजे तो आपल्याच माणसांच्या माना धोक्यात घालतो असं म्हणणं. तिथल्या कोणीही हा आरोप कॅनडाच्या खेळाडूवरसुद्धा पुराव्याशिवाय केला नसता. आणि पुरावा होता. स्क्रम कोसळले होते, तीनही त्याच बाजूने. ते सगळ्यांनी पाहिलं होतं आणि मैदान ओलं होतं म्हणून सोडून दिलं होतं.

माझं पेन थांबलं होतं. मुंबईच्या कचेरीत मी दंगलींच्या बातम्या हात न थांबवता लिहून घेतल्या होत्या.

"स्वतःच्या पोराबद्दल माणूस असं बोलत नाही," खाटीक शेवटी म्हणाला. त्याचा आवाज चढला. "खोटं असेल तर बोलत नाही, आणि खरं असेल तर मुळीच बोलत नाही."

"लिहून घे," काका मला मराठीत म्हणाले. "जसं बोललो तसं."

मेकॅनिकने मत मागितलं. मुलाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही, खाटकाचाही नाही. तीन नंबरची जागा दुसऱ्या एका प्रॉपला गेली. उरलेली यादी दहा मिनिटांत संपली, कारण कोणाला भांडायचं नव्हतं. एरवी बैठकीनंतर बिअर असे. त्या दिवशी लोक उभ्या उभ्या जॅकेट घालू लागले. काकांशी कोणीही हात मिळवला नाही.

घरी जाताना गाडीत काकांनी एकदाच विचारलं, "तसंच लिहिलंस ना?"

"हो."

"बरं."

मी काकूंना काही सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी मुलगा आला. काका कारखान्यात होते. यादी संध्याकाळच्या फोनवर गेली होती, तिथून कोचपर्यंत, कोचकडून त्याच्यापर्यंत, आणि वाटेत बापाने काय म्हटलं तेही पोचलं होतं. त्याने बूट काढले नाहीत. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "व्हेअर इज द नोटबुक? मला वाचायचंय ते. एक्झॅक्टली काय म्हणाले ते."

"अरे, काय झालं? आधी बस तरी," काकू म्हणाल्या.

"आई, प्लीज."

मी वही आणली. द्यावी की नाही याचा विचार मी केला होता. पण मागणारा ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तोच होता. त्याने उभ्यानेच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. काकूंना रग्बी कळत नव्हतं, इंग्रजी कळत होतं. 'भेकड'साठीचा शब्द आला तेव्हा त्यांनी गॅस बंद केला.

"हे बोलले असं? तुझ्याबद्दल? सगळ्यांसमोर?" त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू हे लिहून घेतलंस?"

मी हो म्हणालो.

मजकूर पानाच्या शेवटी तुटला होता. मुलाने वही डाव्या हातात धरली होती. पान उलटायला त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट कागदावर टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. पान उचललं गेलं नाही. त्याने वही ओट्यावर ठेवली आणि मनगटाने पान ढकलून उलटवलं. ही हालचाल त्याने सहज केली, सरावाने.

तीन आठवड्यांपूर्वीची पोळीची गुंडाळी मला आठवली. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनाही आठवली होती.

मुलगा पुढचं पान वाचत होता, आता मनात. ते संपवून तो पुन्हा मागे आला. "बस? एवढंच? याच्याआधी काही? हाताबद्दल, मानेबद्दल?"

"नाही. जे बोलले ते सगळं आहे."

"ही नेव्हर टोल्ड देम," तो म्हणाला आणि खुर्चीवर बसला.

"काय नाही सांगितलं?" काकूंनी विचारलं.

त्याने उजवा हात टेबलावर ठेवला आणि मूठ वळायचा प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळलं. बाकीची तशीच राहिली. काकू त्या हाताकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि बोटं एकेक करून मिटू लागल्या. सोडलं की ती उघडत होती.

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. उन्हाळ्याच्या शेवटी एका स्क्रममध्ये मान दबली. तेव्हापासून हातात जोर नव्हता. डॉक्टरकडे गेला असता तर खेळ बंद झाला असता, म्हणून कॅनडाची मॅच होईपर्यंत जायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. त्या दिवशी गाडीपाशी काकांनी त्याला आपला हात घट्ट दाबून दाखवायला सांगितलं. काका डॉक्टरला आणि कोचला फोन करायला निघाले, तेव्हा त्याने त्यांना आईची शपथ घातली. हात आणि मान, दोन्हींबद्दल कोणालाही काही सांगायचं नाही. लहानपणी शेजारच्या मराठी मुलांकडून ऐकलेली शपथ होती. तिचा एवढा उपयोग होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

काका साडेपाचला आले. त्यांनी टेबलावरची वही पाहिली, तिच्याशेजारी ठेवलेला मुलाचा हात पाहिला. डबा हातातच होता.

"मी काही सांगितलं नाही," ते म्हणाले.

"आय नो, बाबा."

"माझी शपथ?" काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "देवाला हात न जोडणारा माणूस तुम्ही. माझ्या शपथेपायी पोराला चारचौघांत भेकड म्हणालात? मोडायची होती. मी काही मरत नव्हते!"

"ते मला कसं कळणार?" काका म्हणाले. ते गंभीरपणे म्हणत होते. इंजिनिअर माणूस, नियमाने बोलणारा. "आणि त्याला खेळू दिलं असतं तर?"

भिंतीवरचा फोन उचलून काकूंनी ओळखीच्या एका मराठी डॉक्टरांना घरी फोन लावला आणि मुलाकडे पाठ करून सगळं सांगितलं. मुलाने अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात फोटो काढले. त्याच आठवड्यात मानेचं ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, आणखी एक स्क्रम कोसळला असता तर हात सोडाच, बाकीच्या शरीराबद्दलही त्यांना काही सांगता आलं नसतं. बोटं वर्षभराने बरीचशी सुधारली. रग्बी संपलं.

गॅरेजमधल्या लोकांना कळलं तेव्हा खाटीक स्वतः घरी आला, मांसाचं मोठं पुडकं घेऊन, आणि शाकाहारी घर आहे हे दारात कळल्यावर ते घेऊन परत गेला. पुढच्या वर्षीच्या बैठकीत त्याने पहिला ठराव मांडला की ती वाक्यं इतिवृत्तातून काढावीत. सगळ्यांनी हात वर केले. काकांनी केला नाही. बाहेर जा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, तरी ते उठले आणि ड्राइव्हवेत जाऊन उभे राहिले. मी त्या वाक्यांवर एक रेघ मारली. खालची अक्षरं वाचता येतात.

त्या बुधवारचं जेवण मात्र सांगायचं राहिलं. फोन झाल्यावर काकूंनी पानं घेतली. मुलाच्या ताटात त्यांनी भात कालवला, वर तूप घातलं, आणि चमचा ताटाच्या डाव्या बाजूला ठेवला.