जगाचं पाणी प्यालेला

मोठेबा गेल्याची बातमी मला वर्ध्याला छापखान्यात कळली. धाकट्या चुलतबहिणीचा नवरा दारात उभा राहून म्हणाला, "मोठेबा गेले. मोठ्या मायनं सांगतलं, त्याले म्हणा शाई धुऊन ये, तशाच हातानं येऊ नको." वडनेरच्या अलीकडे आमचं गाव. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. पण हा लेख मी त्या दिवसामुळे लिहीत नाही. पुढे पंधरवड्यानं गावच्या पाटलांनी जी शोकसभा भरवली, तिच्यामुळे लिहितोय. निवडणूक जवळ आली की आमच्या वस्तीतले मेलेले पाटलांना फार आठवतात. सभा भरली ती विहिरीच्या ओट्यापाशी. पाटील म्हणाले, "आपला सोनबा म्हणजे जगाचं पाणी प्यालेला माणूस!" जगाचं प्याले, खरंच आहे. पाटलांच्या पाठीमागेच जी विहीर होती तिचं पाणी मात्र त्यांना जन्मभर वरून ओतून मिळालं, हे सांगायचं पाटील विसरले.

मोठेबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ सोनबा; मोठी माय त्यांची बायको. रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकता टाकता मुंबईला गेले आणि मालाच्या बोटीवर आगवाले झाले. बोटीच्या पोटात भट्टीपुढे उभं राहून त्यांनी दोन्ही महायुद्धं काढली. दुसऱ्या युद्धात त्यांची बोट बुडवली गेली. वाचलेले लोक एका होडीत कितीतरी दिवस दर्यावर तरंगत होते. प्यायच्या पाण्याचं एकच पिंप. ते सांभाळायला सगळ्यांनी निवडलं मोठेबांना, कारण हा माणूस चोरून घोट घेणार नाही अशी खात्री. दुधाच्या डब्याच्या झाकणानं ते पाणी वाटायचे. गोरा अधिकारी, खलाशांचा मुसलमान मुकादम सारंग, गोव्याचा स्वयंपाकी भंडारी, सगळे त्यांच्या हातचं प्याले. आणि हाच माणूस रजेवर गावी आला की घागर घेऊन ओट्याखाली उभा. वरच्या बाईला दया आली तर ती ओतणार. जहाजावर 'आरिया' म्हणजे दोर खाली सोड, 'हाबेस' म्हणजे वर ओढ. मोठेबा खालून म्हणायचे, "आरिया, बाई, आरिया!" वरच्या बाया खिदळायच्या, "आला पाहा जहाजी!" मोठेबाही हसायचे. त्यांचं ते हसू मी अजून माफ केलेलं नाही...

घरात मात्र हा माणूस निराळा होता. पाटीलसाहेब, तुम्ही तो कधी पाहिला नाही. जहाजावरून आणलेल्या जाड दोराचा त्यांनी लिंबाला झोका बांधला होता. आपल्या तिन्ही पोरींना बसवून "हाबेस!" म्हणत असा झोका द्यायचे की पोरी किंचाळायच्या आणि मोठी माय आतून ओरडायची, "पोरी हाय त्या, कोळशाच्या टोपल्या नोहेत!" नोकरी सोडून कायमचे आले तेव्हाही तोच दोर खांद्यावर होता.

आम्ही धम्मदीक्षा घेतली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पत्रकं घेऊन गेलो. उद्या विहिरीवर चढायचं, पुढे मोठेबांनी राहायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. ते नाही म्हणाले. मी भडकलो. "होडीत तुमच्या हातचं गोरा साहेब प्याला, इथं काऊन हात जोडता?"

"तिथं सगळ्यायले तहान सारखीच होती, बेटा. इथं माह्या पोरी पाटलाच्या वावरात निंदून राह्यल्या. तुले काय, पत्रक वाटशीन अन् मोटरीत बसशीन."

आम्ही पोरं चढलो. पाटलांच्या माणसांनी आमचा दोर कापला, बादली विहिरीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही बहिणींचं काम बंद झालं.  मोठेबा उठले आणि वस्तीत वेगळी विहीर खणायला लागले. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. वेगळी विहीर म्हणजे त्यांच्या विटाळाला आपल्याच हातानं दिलेली मान्यता. मी तसं तोंडावर म्हटलं. म्हणाले, "पाणी तं लागू दे. मंग भांडजो." पाणी लागलं आणि ते निघालं मचूळ. ओंजळभर तोंडात घेऊन म्हातारा पोट धरून हसला. "दर्याच लागला की बे!" तेच पाणी पीत ते गेले.

तर शोकसभा. पाटील म्हणाले, सोनबाचा फोटो पंचायतीत लावू. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मोठी माय उठली. तिच्या खांद्यावर तो जहाजाचा दोर होता. आमच्या नव्या विहिरीवर तो कधी लावला नव्हता, मोठेबांनीच लावू दिला नव्हता. "फोटो कायले पायजे, पाटील? फोटोले तहान लागत नाई." असं म्हणून ती ओटा चढली. कुणी हललं नाही. थोरल्या पोरीनं बादली बांधून दोर चाकावर टाकला. मोठी माय म्हणाली, "आरिया." बादली खाली गेली. मग तिघी बहिणी मिळून ओरडल्या, "हाबेस!" भरल्या बादलीतून मोठ्या मायनं ओंजळ भरली आणि पाटलांपुढे धरली. "घ्या. जगाचं पाणी."

पाटलांनी घेतलं नाही. ती स्वतः प्याली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर पाटलांचे दोन काठीवाले येऊन बसले. ते अजून बसतात. मोठी मायही जाते, मागे वस्तीतल्या सगळ्या बाया. मी परवा घरी गेलो होतो. मोठेबांच्या खाटेवर वळकटी होती, भिंतीला त्यांचा कोट, आणि खुंटीला तो दोर. हात लावून पाहिला...

ओला होता.