मालनचा गुलाल

मालन मला प्रथम दिसली ती अठ्ठ्याण्णव साली, कोपरीच्या खाडीच्या धक्क्यावर. मी तिथल्या शाळेत मास्तर; शाळा सुटल्यावर फेरीला निघालो होतो. भरती चढत होती. ही उकिडवी बसून चिमटीने पाण्यावर गुलाल टाकत होती आणि तो फुटत, पांगत जाताना टक लावून बघत होती. अमावास्या जवळ आलेली. मी पाय जरा लांबूनच वळवले.

दगडाबाईंनी मात्र तिला हटकलं. खाडीवरच्या कोळणींत त्यांचा शब्द चाले.

"काय टाकतेस गो पान्यात?"

"गुलाल, आत्या."

"कोनावर?"

"कोनावर नाय. पानी बघतेय."

"पानी बघाला गुलाल लागतो?"

मालन वर्तकनगरच्या एका ॲनिमेशन स्टुडिओत कामाला होती. सांडणारं पाणी कसं उसळेल, याचा हिशेब कॉम्प्युटर करी. पण कार्टूनमधल्या माणसांशेजारी ते खऱ्यासारखं पाणी विजोड दिसे. म्हणून त्याला निळ्याच्या दोनच सपाट छटा आणि काळी कड द्यायची, हे तिचं काम. कॉम्प्युटर थेंबाथेंबाला कड काढी, मग पाण्यावर मुंग्या चढल्यासारखं दिसे. कुठली कड ठेवायची, हे तिला खाडीवर गुलाल जिथे रेघ धरी त्यावरून उमजे.

तिने हे मला समजावलं तेव्हा मी मान डोलावली. पटलं होतं असं नाही.

त्याच आठवड्यात जाळ्यांना मासळी लागेना. बाजारात मालनची आई शेवंती बसे; तिच्या दोन्ही अंगच्या बायकांनी पाट्या लांब सरकवल्या. गिऱ्हाइकं कारण विचारत, बायका पोरीच्या गुलालाचं सांगत. शेवंतीची जागा जाते की काय, अशी वेळ आली.

मालनने स्टुडिओतून आपल्या कामाची व्हिडिओ कॅसेट आणली आणि आमच्याकडे व्हीसीआर होता म्हणून बायकांना आमच्या घरी बसवून लावली. पडद्यावर हंडा कलंडला, निळं पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत गेलं. दगडाबाई पुढे सरकल्या.

"यात गुलाल कुठं हाय?"

"यात नसतो, आत्या. तो नुसता बघाला."

"मंग टाकलेला गेला कुठं?"

कोणी हसलं नाही.

शेवटी ठरलं, की नारळी पौर्णिमेला मालनने सगळ्यांदेखत खाडीला नारळ द्यावा आणि पुन्हा गुलाल टाकणार नाही असं सांगावं. तिने सांगितलं. नारळ पडला, पाणी उसळलं, आणि ही हात जोडायचं विसरून बघतच राहिली.

"बघा, परत बघते!" दगडाबाई म्हणाल्या.

शेवंतीने तिचा दंड धरला. "हात जोड गो मेले! बाजारात मला बसायचंय!"

मालनने हात जोडले. पाट्या परत जवळ आल्या, पण पूर्वीइतक्या नाही.

मालन आता वर्तकनगरलाच राहते, अजून पाण्याचंच काम करते, आणि रविवारी सकाळी बाजारात आईशेजारच्या त्या मोकळ्या जागेत बसून कोळंबी सोलते.