चावी माझ्याच खिशात होती

एका माणसाला मी चारचौघांत चोर म्हटलं, आणि म्हणताना मला पक्कं ठाऊक होतं की तो चोर नाही. हे कित्येक वर्षं मी कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, भावाला तर नाहीच. आता सांगतो आहे तर आडवळणं घेणार नाही. ज्याला वाईट वाटायचं त्याला वाटू दे.

तो आमच्या जीपवर ड्रायव्हर होता. दारव्ह्याच्या अलीकडे एक तांडा आहे, तिथला. वयानं मोठा, म्हणून मी त्याला मामा म्हणायचो; तो मला भाऊ. जीप डिझेलची, जुनी, मी दुसऱ्या हातची घेतलेली. मोठ्या भावाला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती.

"भंगार आणलं तू," तो अंगणात सगळ्यांसमोर म्हणाला. "आता त्याच्यावर ड्रायव्हर ठेव. अर्धं डिझेल गाडी पिईन, अर्धं तो."

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याच आठवड्यात यवतमाळहून टाकीसाठी कुलपाचं झाकण आणलं. दोन्ही चाव्या माझ्या खिशात. सकाळी पंपावर मी स्वतः जायचो, झाकण उघडायचो, डिझेल भरून पुन्हा कुलूप लावायचो. मामा बाजूला उभा राहून तंबाखू मळायचा. कुलूप काहून लावलं, असं त्यानं कधी विचारलं नाही. न विचारण्यातच सगळं आलं.

ते झाकण ढिलं बसायचं. वळणावर डिझेल ओघळायचं, आत वास यायचा, वहिनी नाकाला पदर लावायची. म्हणून मी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून झाकणात आतून घट्ट बसवला. कुलपाशेजारी एक बारीक भोक होतं, तेही रबर चिकटवून बुजवलं. वास बंद झाला. आपण फार हुशारीचं काम केलं असं मला वाटलं होतं.

दारव्हा, दिग्रस, बाभुळगाव असं फिरताना जीप ठीक चालायची. त्या रस्त्यांवर वेग घ्यायला जागाच कुठे आहे? पण यवतमाळच्या पुढे चौपदरी रस्त्याला लागलो आणि काटा सत्तरच्या वर गेला की काही वेळानं ती दम खायला लागायची. पाय दाबलेला, आणि गाडी मात्र मागून कोणी धरल्यासारखी. मग एक हिसका, पुन्हा धाव, पुन्हा धरलं. बाजूला घेऊन थोडा वेळ उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची.

"भाऊ, हिले खालून काहीतरी भेटून नाई राह्यलं," मामा म्हणायचा. "उपाशी पळून राह्यली ही."

मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री आधी विचारायचा, "डिझेल आहे का पुरतं?" मी कुलूप उघडून दाखवायचो, तो डोकावायचा, मग हायवेवर एक चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, "काहीच नाई तं! मख्खन चालते." फिल्टर बदलले. नळ्या बदलल्या. पंप खोलून पुन्हा बसवला. दर वेळी मिस्त्रीसमोर गाडी सोज्वळ, आणि आमच्यासमोर तेच.

अशात पुतणीचं साक्षगंध ठरलं, म्हणजे साखरपुडा, वर्ध्याकडे, मुलाच्या घरी. जीपमध्ये भाऊ, वहिनी, घरची म्हातारी माणसं. कळंबच्या पुढे मामा एका ट्रकला ओलांडत होता, आणि नेमकी तेव्हाच जीपनं मान टाकली. ट्रक बाजूला, मागून दुसरी गाडी हॉर्न देत आलेली. मामानं कशीबशी जीप मागे घेतली आणि कडेला लावली. कोणाला खरचटलंही नाही. त्यानं वाचवलं, हे मला तेव्हाच दिसलं होतं. तरी तासभर उशीर झाला, आणि व्याह्यांच्या अंगणात पाय ठेवताक्षणी भाऊ माझ्यावर सुटला.

"पोरीच्या साक्षगंधाले मारत होता आम्हाले सगळ्याइले! सांगलतं ना तुले, भंगार घेऊ नको म्हणून?"

व्याही उभे होते. पाहुणे उभे होते. आमच्याकडून आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर फाटकाशी उभे होते, त्यात मामाच्या तांड्यातले दोघं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी दुसऱ्या कोणाकडे बघावं.

मी मामाकडे बोट केलं. "गाडी चांगली आहे. हा डिझेल काढून विकतो अन् रॉकेल टाकतो. म्हणून अशी करते ती."

मामाला आधी कळलंच नाही की मी त्याच्याविषयी बोलतो आहे. मग तो हळूच म्हणाला, "भाऊ, चाबी तं तुमच्यापाशी राह्यते."

हे वाक्य ऐकून मी थांबायला हवं होतं. चावी त्या घडीला माझ्या सदऱ्याच्या बाजूच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. मी म्हणालो, "दुसरी बनवली असशील तू."

त्यानं गाडीची चावी बॉनेटवर ठेवली. "न्या बाप्पा मंग तुम्हीच चालवत," म्हणाला, आणि एसटी पकडायला पायी निघून गेला. जेवलाही नाही.

परतताना मी जीप चालवली. पन्नासच्या वर जाऊच दिली नाही, म्हणजे ती दम खाणार नाही. भाऊ मागून खूश होऊन म्हणाला, "पाह्य! ड्रायव्हर गेला अन् गाडी सुधरली."

मी हो म्हणालो.

त्यानंतर मी ती जीप चौपदरी रस्त्याला कधी नेली नाही; पुढे तर ती शेतातच उभी केली. लोकांना वाटायचं मला डिझेलच्या खर्चाची काळजी. खरं कारण वेगळं होतं: ती तिथे पुन्हा अडली असती, आणि मामा गेल्यावरही अडते हे सगळ्यांना दिसलं असतं. त्याचं निर्दोषपण मी शेतात कडुनिंबाखाली उभं करून ठेवलं होतं, ताडपत्री टाकून.

मामाला पुन्हा स्टेअरिंग मिळालं नाही. "रॉकेलवाला" हे नाव त्याच्याआधी सगळ्या स्टँडांवर पोचलं होतं. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस त्या वर्षी बायकोला घेऊन ऊस तोडायला गेला, आणि पुढची कित्येक वर्षं जात राहिला. मला हे माहीत होतं. दिवाळीनंतर तांड्यातून ट्रक भरून निघायचे तेव्हा मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो.

या उन्हाळ्यात भाऊ म्हणाला, जीप भंगारात देऊन टाक. मी म्हणालो, देतो, पण आधी एकदा चालवून पाहीन. बॅटरी टाकली, फिल्टर नवा टाकला आणि एकटाच निघालो. कळंबच्या पुढे तिनं तेच केलं. कडेला घेतली. डिझेल संपलं की काय म्हणून टाकीच्या झाकणात चावी फिरवली, आणि झाकण उचलताच टाकीनं हवा ओढली. सूंऽऽ करून, लांब. बुडणारा माणूस पाण्याबाहेर आल्यावर घेतो तसा श्वास.

पुढे निघालो. ठीक चालली. काही अंतरानं पुन्हा अडली. पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा झाकण लावलंच नाही. टाकीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधलं आणि पाय दाबून ठेवला. वर्ध्यापर्यंत जीप एकदाही अडली नाही.

टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ते भोक त्यासाठी होतं. मी ते बुजवलं होतं. सावकाश चालताना भागायचं, पण वेग धरला की इंजिन मागेल तेवढं डिझेल हवाबंद टाकीतून वर चढेना. मिस्त्रीसमोर गाडी चालायची, कारण मिस्त्रीसमोर मीच झाकण उघडायचो. मामावर नजर ठेवायला लावलेलं कुलूप आणि माझ्या हातचं रबर, बस. बाकी गाडीत काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेलो. मामा दारात बसून विळा घासत होता. त्याच्या बायकोनं मला ओळखलं आणि त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही, पण तिनं पाणी आणलं नाही, ते कळलं. मी झाकण त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. चावीचंही.

त्यानं रबर नखानं उचकटून पाहिलं. "म्हणजे तुमाले तवाच माहीत होतं."

"झाकणाचं नव्हतं. तू चोर नाहीस हे माहीत होतं."

"मंग हे सांगाले कायले आले? झाकणाचं मले काय करायचं आहे?" त्यानं ते परत माझ्या हातात ठेवलं. "माफी मागत असान तं इथं नोका मागू. इथं कोनंबी मले चोर म्हणत नाई. जिथं म्हटलं तिथं जाऊन सांगा."

मी दारव्ह्याच्या जीपस्टँडवर गेलो. भर बाजाराच्या दिवशी, ड्रायव्हर चहा पीत होते तेव्हा, मोठ्यानं सांगितलं. एक जण म्हणाला, "एवढ्या वर्षानं झोप उघडली का शेठ?" दुसरा म्हणाला, "इलेक्शनले उभं राह्यता काय?" हसू दिलं त्यांना. सांगायचं ते पूर्ण सांगूनच तिथून निघालो.

संध्याकाळी भावाचा फोन. "तुले अक्कल आहे का? घराचं नाव घालवलं. झालं ते झालं, तो काही मेला नाई."

"वर्ध्यालाही जाणार आहे मी. तुझ्या व्याह्यांकडे."

"पोर नांदते तिथं! तिच्या सासऱ्यासमोर तू खोटा पडशीन, मंग तिनं मान वर कशी करायची?"

"मी खोटा होतोच. पडायचं काय राहिलं?"

त्यानं फोन ठेवला. वहिनीचा आला, मग बायकोनं समजूत घातली, मग पुतणीचाच आला; ती रडली. तिच्या रडण्यापुढे मी महिनाभर घरी बसलो, हेही खरं आहे, आणि त्याची मला लाज वाटते. पण आता बास. घराच्या अब्रूसाठी एकदा मी मामाला विकलं आहे. पुन्हा त्याच अब्रूसाठी गप्प बसणार नाही, कोणी रडो नाहीतर संबंध तोडो.

ऊसतोडीत गेलेली त्याची वर्षं मला परत करता येणार नाहीत. वर्ध्याच्या त्या अंगणात, त्याच लोकांसमोर, मामाला शेजारी उभं करून "हा चोर नव्हता, मी खोटं बोललो" एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.