फळीमास्तरांचा भाता

किकवीच्या फळीमास्तरांकडे आम्ही दोन वर्षं पेटी शिकलो, आणि त्या दोन वर्षांत पेटीला कुणी बोटही लावलं नाही. पेटी एकच, तीही भजनी मंडळाची, आणि पोरं अकरा. मास्तर मूळचे सुतार. त्यांनी प्रत्येकाला एकेक फळी रंधून दिली, तिच्यावर चुन्याने पांढऱ्या पट्ट्या ओढल्या आणि काळ्या पट्ट्यांच्या जागी काजळी फासलेल्या चिपा ठोकल्या. डाव्या हाताने फळी मांडीवर घट्ट धरायची आणि उजव्याने वाजवायची.

फळीतून आवाज येत नाही, ही अडचण मास्तरांना कधी जाणवलीच नाही. "पेटीला भाता आसतो, तुला त्वांड हाय," ते म्हणायचे. म्हणजे बोटाने पट्टी दाबायची आणि सूर आपल्याच गळ्यातून काढायचा. अकरा पोरं अकरा ठिकाणी 'सा' लावायची, शेजारची म्हैस दावं तोडायला बघायची. मास्तर मात्र पाठमोरे बसून रंधा मारता मारता म्हणायचे, "शांते, गंधार चुकला." मी थक्क व्हायचे. फार पुढे कळलं, की कुणाचा ना कुणाचा गंधार चुकतच असे, आणि एकाचं नाव घेतलं की सगळीच सावध होत.

मी घरी घोकलं की नाही, हे आई बोटांच्या चुन्यावरून ओळखायची. एकदा मी सरळ चुन्याच्या डबीतच बोटं बुडवून वर्गाला गेले. मास्तरांनी हात बघितला. "अंगठ्याला चुना कसा? अंगठा म्या अजून शिकिवलाच न्हाई."

वडिलांना हे सगळं पोरखेळ वाटे. "फळी बडवून कुठं गानं येतं व्हय? साळंच्या गॅदरिंगला खरी पेटी वाजवून दाखीव. न्हाई वाजली, तर दुसऱ्या दिवसापासनं शेळ्यांमागं." मला शेळ्या आवडायच्या, पण पेटी त्याहून जास्त आवडायची.

नेमका त्याच महिन्यात उंदराने पेटीचा भाता कुरतडला. पेटी पुण्याला दुरुस्तीला गेली, ती गॅदरिंगच्या दिवशीच एस.टी.च्या टपावरून परत आली. माझं तोंड उतरलेलं पाहून मास्तर म्हणाले, "भ्यायचं काय त्यात? फळीच हाय ती. जरा जाड."

मी पेटीपुढे बसले. उजव्या हाताची बोटं अशी अचूक धावली, की विचारू नका. पेटी मात्र गप्प. भजनात मास्तरांचा हात भात्यावर हलताना मी शंभरदा पाहिला होता, पण माझ्या डाव्या हाताला फळी धरायचीच सवय. त्याने पेटी घट्ट धरून ठेवली होती. मी आपली सवयीने तोंडानेच सूर लावत होते. लोक हसू लागले. पहिल्या रांगेत वडिलांची मान खाली गेलेली दिसली आणि मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात मास्तर वर आले, पेटीच्या पलीकडे मांडी घालून बसले आणि समोरून भाता मारू लागले. "चुकी माजी हाय," ते हळूच म्हणाले. "तू बोटं चालीव." पेटीतून पहिला सूर निघाला तेव्हा मीच दचकले. मग गाणं शेवटपर्यंत वाजलं.

घरी जाताना वडील म्हणाले, "दोगांनी वाजिवली. पर वाजली." शेळ्या आईकडेच राहिल्या.

पुढे लग्न होऊन मी भोरला गेले. काही वर्षांनी कळलं, मास्तरांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय. भेटायला गेले, तर पेटी कोपऱ्यात कापडाखाली झाकलेली आणि डावा हात मांडीवर नुसता पडलेला. मी पेटी ओढून त्यांच्यापुढे ठेवली, पलीकडे बसले आणि भाता मारू लागले. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर ठेवली. जरा वेळाने थांबून म्हणाले, "भाता लई जोरात मारतीस."

"तुमी शिकिवलाच न्हाई की."

ते हसले, तोंडाच्या एकाच बाजूने. "मंग आज शिक."

त्यांच्याकडचा माझा तो शेवटचा धडा. मी रडत रडत भाता मारत होते, आणि मास्तर पट्ट्यांवरची नजर न काढता सांगत होते, "हळू, शांते. हळू."